कोरी पाटी, जुने इंजिन

'पाटी कोरी करणे' हा वाक्प्रचार मराठीत बहुधा आशेने वापरला जातो. मागचे हिशेब पुसले, आता नव्याने मांडू, असा त्याचा स्वर असतो. दगडी पाटीच्या बाबतीत तो खराही आहे. ओल्या फडक्याने पुसली की कालचे गणित तिच्यात उरत नाही. परंतु जिचे अंग वापराने झिजते, जिच्या आत काजळी साचते, अशा वस्तूची पाटी कोरी केली तर काय होते? हा प्रश्न जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या रस्त्यांवर आज रोज विचारला जातो आहे. नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, कुठलेही गॅरेज घ्या. गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की पहिला उपाय बहुतेक ठरलेला असतो. बॅटरीची 'मायनस' काढायची, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा जोडायची. ज्याच्याकडे यंत्र आहे तो स्कॅनर लावून 'कोड उडवतो'. दिवा जातो, गिऱ्हाईकही जाते. आणि चार दिवसांनी ये रे माझ्या मागल्या.

साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण सांगायला हवे. स्मृती, विस्मृती, खाडाखोड, संहितेचे पुनर्लेखन हे शब्द आम्ही वर्गात फार सैलपणे वापरतो. इंजिनाच्या संगणकात या शब्दांना मोजता येणारे अर्थ आहेत. काय पुसले गेले, काय उरले आणि पुसल्याचा डाग कुठे राहिला, हे तेथे आकड्यांत दाखवता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा सुस्पष्ट नमुना सहसा मिळत नाही.

या यंत्रस्मृतीच्या आधीचा काळ फार दूरचा नाही. फियाट (पुढची प्रीमियर पद्मिनी), अ‍ॅम्बॅसेडर आणि डिसेंबर १९८३ पासून मारुती ८००, या गाड्यांच्या इंजिनांना पेट्रोल पाजण्याचे काम कार्ब्युरेटर करीत असे. आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या वेगाने बारीक भोकातून पेट्रोल खेचले जावे आणि दोघांचे मिश्रण व्हावे, एवढीच त्याची करामत. त्याला स्वतःची म्हणून आठवण नव्हती. असलीच तर एकच, शेवटच्या फिटरने स्क्रू कुठे सोडला ती. इंजिनाचे वय, त्याची झीज, त्याचा स्वभाव हे सारे फिटरच्या कानात साठवलेले असे. 'स्लो' सेट करताना तो स्क्रूकडे पाहतसुद्धा नसे. मान तिरकी करून ऐकत असे. अशा फिटरला गाडीचा आवाज फाट्यावरूनच ओळखू येई, असे लोक सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी ज्ञान कुठे वसत होते ते त्यातून कळते.

या व्यवस्थेची मर्यादा माळशेज घाटात उघडी पडे. कल्याण-मुरबाडच्या सखल भागातून गाडी घाट चढून जुन्नर तालुक्यात येते तेव्हा ती समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आलेली असते. येथे हवा खालच्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनी विरळ. कार्ब्युरेटरला याचा पत्ता नसतो. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते, इंजिन जड होते, धूर काळपट येतो. खाली ट्यून केलेली गाडी वर नीट चालायची तर ती पुन्हा ट्यून करावी लागे. स्थलांतर केले की नव्याने शिकायचे, पण शिकणारा मात्र माणूस.

संगणक या गोष्टीत आला तो टप्प्याटप्प्याने. १९६७ साली बॉशने डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी फोक्सवॅगनच्या गाडीत बसवली. ती हिशेब करी, पण शिकत नसे. खरे वळण १९७६ चे. त्या वर्षी व्हॉल्वोने बॉशचा ऑक्सिजन सेन्सर वापरला. धुराच्या नळीत बसणारा हा सेन्सर जळून गेलेल्या वायूत किती प्राणवायू उरला ते सांगतो. म्हणजे इंजिनाला आपल्याच कृतीचा परिणाम वाचता येऊ लागला. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७३२आय गाडीत इंधन आणि ठिणगी या दोहोंचा कारभार मोट्रॉनिक नावाच्या एकाच पेटीकडे गेला. पेटीने केलेला हिशेब आणि सेन्सरने दाखवलेला निकाल यांतला फरक लक्षात ठेवायचा व पुढच्या वेळी आधीच सुधारून घ्यायचा, ही अनुकूलनाची कल्पना त्यानंतरच्या दशकात रुजली. सोबत दोषांची नोंदवहीही आली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने आपला बिघाड स्वतः नोंदवावा असा नियम केला आणि १९९६ पासून त्या देशातल्या सर्व नव्या मोटारींना एकसारखी नोंद ठेवणारी ओबीडी-२ पद्धत लागू झाली.

आपल्याकडे हा संगणक आणला तो धुराच्या कायद्याने. १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांच्या धुरावर पहिल्या मर्यादा आल्या. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २९ एप्रिल १९९९ रोजी एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरोपीय मानके लावली. १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. शेवटच्या गोष्टीचा इंजिनाच्या स्मृतीशी थेट संबंध आहे, कारण शिसे कन्व्हर्टरलाही मारते आणि ऑक्सिजन सेन्सरलाही. शिसे असेपर्यंत इंजिनाला डोळे फुटणेच शक्य नव्हते. १ एप्रिल २००० पासून 'भारत २०००' मानके देशभर आली. त्याच सुमारास मारुती ८०० मध्येही इंधन-फवारणी आली. मागच्या काचेवर 'एमपीएफआय' ही अक्षरे मिरवणाऱ्या गाड्या आमच्या पिढीला आठवत असतील. त्या अक्षरांचा अर्थ मालकाला विचारला तर 'कॉम्प्युटरवाली' एवढेच उत्तर येई, आणि ते चूक नव्हते.

या इतिहासात जुन्नर-आंबेगावची जागा चमत्कारिक आहे. दक्षिणेला, खेड तालुक्यातल्या चाकणला, २००९ पासून फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा यांचे कारखाने उभे राहिले. उत्तरेला नाशिकमध्ये बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा, डिझेल इंजेक्टर-नोझलचा कारखाना. पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही टोकांना नवे इंजिन घडत होते आणि मधल्या मंचर-नारायणगावात जुनेच धावत होते. कारण कायद्याने भूगोल आखून दिला होता. एप्रिल २०१० पासून बीएस-४ मानके लागू झाली ती पुणे, सोलापूर, मुंबई, दिल्ली अशा तेरा शहरांत. उरलेल्या देशासाठी बीएस-३ होते. आपला दोष ओळखून नोंदवणारी ओबीडी पद्धतही बीएस-४ सोबत आली, २०१० मध्ये प्राथमिक रूपात आणि २०१३ मध्ये विस्तारित रूपात. बीएस-४ देशभर झाले १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ ची सक्ती १ एप्रिल २०२० ला. ज्या तालुक्यात आर्वीला १९७१ साली उपग्रहांशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले, तेथल्या भाजीच्या पिकअपला स्वतःविषयी लिहिता येऊ लागले ते जवळपास अर्धशतकाने.

आता या पेटीच्या आत पाहू. इंजिनाच्या संगणकाला, ज्याला गॅरेजात 'ईसीएम' किंवा 'इसीयू' म्हणतात, दोन प्रकारच्या स्मृती असतात. एक कारखान्यात कोरलेली. इंजिनाचा वेग अमुक, आत येणारी हवा तमुक, तर पेट्रोल इतके, अशा कोष्टकांची. हिला श्रुती म्हणावे. तिच्यात नव्या, निरोगी, नमुनेदार इंजिनाचे वर्णन असते. दुसरी, चालता चालता या एका गाडीने मिळवलेली. पेट्रोल पूर्ण जळायला साधारण एका भाराला १४.७ भार हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर प्रमाण बिघडल्याचे कळवतो आणि पेटी क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करते. ही झाली तात्पुरती दुरुस्ती, 'शॉर्ट ट्रिम'. तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागते असे दिसले की पेटी ती 'लाँग ट्रिम'मध्ये कायमच्या खात्यावर घेते. इंजेक्टर थोडा चोंदला आहे, नळीतून थोडी हवा गळते आहे, अशा गोष्टींची नावे पेटीला ठाऊक नसतात, परंतु त्यांच्या परिणामांची बेरीज तिच्याकडे लिहिलेली असते. गार इंजिन सुरू होताना सेन्सर अजून तापलेला नसतो, म्हणजे पेटी आंधळी असते. तेव्हा गाडी चालते ती या आठवणीवरच.

या खात्यात आता आपल्या शेतातला ऊसही जमा होतो. इथेनॉलच्या अंगीच प्राणवायू असतो, म्हणून तो मिसळलेले पेट्रोल जरा जास्त फवारावे लागते. २०२२ मध्ये दहा टक्के आणि २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल देशातल्या पेट्रोलमध्ये आले. जुन्या गाड्यांच्या पेट्यांनी हा बदल कुणी न सांगता, केवळ धूर वाचून, आपल्या खात्यात नोंदवला. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन साखर कारखान्यांच्या परिसरातला वाचक या नोंदीकडे जरा आपुलकीने पाहील.

दुसरे उदाहरण काजळीचे, आणि आम्हांला ते सर्वांत बोलके वाटते. इंजिनाला हवा देणाऱ्या थ्रॉटलच्या झडपेवर वर्षानुवर्षे काळा थर चढतो आणि वाट अरुंद होते. गाडी उभी असताना इंजिन मंद फिरत राहावे म्हणून पेटी झडप किंचित अधिक उघडायला शिकते. थर वाढत जातो, पेटी उघडत जाते, मालकाला काही जाणवत नाही. एके दिवशी फिटर झडप लख्ख साफ करतो. काजळी गेली, पण पेटीला ती अजून आठवते. ती जुन्या सवयीने झडप जास्त उघडते आणि इंजिन उभ्या जागी घोंघावू लागते. येथे रीसेट करणे योग्यच आहे. आता उलट करून पाहा. काजळी तशीच ठेवून आठवण पुसली तर? पेटी नव्या इंजिनाइतकीच झडप उघडते, अरुंद वाटेतून पुरेशी हवा येत नाही, आणि गाडी सिग्नलला, फाटकापाशी, एसी लावताच बंद पडते. एकच कृती एकदा औषध आणि एकदा आजार, कारण स्मृती आणि शरीर यांचा मेळ असेल तरच गाडी चालते.

रीसेट झालेल्या गाडीचे पहिले काही तास पाहण्यासारखे असतात. सुरू करताच फेरे वर चढतात, मग गरजेपेक्षा खाली येतात, पुन्हा वर. याला फिटर 'हंटिंग' म्हणतात, आणि शब्द नेमका आहे, इंजिन आपली गती खरोखरच शोधत असते. पिकअप कधी सुस्त वाटतो. कधी मात्र चक्क सुधारल्यासारखा वाटतो, कारण खराब पेट्रोलमुळे ठोका येऊ नये म्हणून पेटीने ठिणगी मागे खेचायचे शिकून घेतलेले असते आणि तो धडा पुसला गेल्याने इंजिन काही काळ मोकळे धावते. 'रीसेट केल्यावर गाडी नव्यासारखी झाली' ही दंतकथा येथून जन्मते. ठोका ऐकू आला की पेटी तो धडा पुन्हा गिरवते आणि नवेपणा ओसरतो. अ‍ॅव्हरेज काही दिवस बिघडते. ऑटोमॅटिक गिअर असेल तर तो क्लचच्या जागा चाचपडत धक्के देतो. पन्नासेक किलोमीटरपासून दीडशेपर्यंत, गाडीगणिक वेगवेगळ्या अंतरात, हे सारे स्थिरावते. 'सर, शंभर किलोमीटर चालवा, मग सांगा,' हे गॅरेजातले वाक्य टोलवाटोलवीचे वाटते, पण त्याला शास्त्राचा आधार आहे. शंभर किलोमीटरनंतर पेटीने काय लिहिलेले असते? बहुतांशी जे पुसले तेच. कारण मूळ प्रत इंजिनाच्या धातूत, काजळीत, गळक्या नळीत शाबूत होती. पेटीत होती ती नक्कल.

डिझेलमध्ये हा खेळ महागात पडतो. बीएस-६ च्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते, 'डीपीएफ'. ती किती भरली याचा अंदाज पेटी ठेवते आणि भरत आली की धूर तापवून काजळी जाळते. त्यासाठी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. वाडीवरून बाजार समिती आणि तेथून परत, अशा सात-आठ किलोमीटरच्या संथ फेऱ्यांत ते पुरे होत नाही. दिवा लागतो. गाळणी साफ न करता नुसता आकडा शून्य केला तर पेटी भरलेली गाळणी रिकामी समजून चालत राहते. काजळी साचतच जाते आणि अखेर पेटते तेव्हा इतकी तापते की गाळणीच वितळू शकते. या शून्याची किंमत हजारांत नव्हे, लाखाच्या घरात मोजावी लागू शकते.

आणि येथेच या विषयातला खरा पैसा आणि खरी माणसे येतात. या दोन तालुक्यांत वापरलेली पिकअप ही हौस नसते. ती घराचे भांडवल असते, बहुधा पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेली. टोमॅटोच्या हंगामात ती दोन दिवस उभी राहिली तर काय होते ते नारायणगावच्या बाजारात कुणालाही विचारावे. अशी गाडी विकणारा आदल्या रात्री कोड उडवून घेतो. सकाळी दिवा नाही, स्कॅनरवर दोष नाही. घेणाऱ्याला पाटी कोरी दिसते आणि तो तिला निर्मळ समजतो.

परंतु ओबीडीच्या रचनाकारांनी या मोहाचा विचार आधीच करून ठेवला होता. पेटी कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाची वाफ इत्यादींच्या चाचण्या स्वतः घेत असते आणि प्रत्येक चाचणी पुरी झाली की नाही तेही लिहून ठेवते. कोड उडवला की दोषांबरोबर या चाचण्यांचे निकालही जातात आणि त्यांच्यापुढे 'अपूर्ण' असे येते. ते भरून निघायला गार इंजिन सुरू करणे, सलग धावणे, थांबणे असे सारे प्रकार व्हावे लागतात. कित्येकदा काही दिवस जातात. शिवाय बहुतेक गाड्यांत कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर धावली हा आकडाही साठवलेला असतो. ज्या गाडीच्या मीटरवर दीड लाख किलोमीटर आहेत, दोष एकही नाही, चाचण्या अपूर्ण आहेत आणि पुसल्यापासूनचे अंतर अकरा किलोमीटर आहे, ती गाडी नुकतीच गप्प केलेली आहे. अमेरिकेत २०१० च्या मॉडेलपासून आणखी एक पाऊल टाकले गेले. तेथे काही कोड स्कॅनरने वा बॅटरी काढून पुसताच येत नाहीत. बिघाड खरोखर दुरुस्त झाल्याची खात्री पेटीला स्वतःला पटावी लागते. आपल्या पीयूसीची नळी मात्र धुराड्याच्या तोंडाशीच थांबते.

पुसल्याची खूण वाचणे हे जुन्नरच्या अभ्यासकाला नवे नाही. नाणेघाटातल्या लेण्यात मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुळातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती आता नाहीत, पायांच्या खुणा तेवढ्या दिसतात. वर कोरलेली नावे मात्र वाचता येतात, त्यांत नागनिका आणि सातकर्णी यांचेही आहे. बाजूच्या भिंतींवरच्या दीर्घ लेखात यज्ञांची आणि गायी, घोडे, कार्षापणे यांच्या दानाची मोजदाद आहे. मध्ये मध्ये दगड फुटून अक्षरे गेली आहेत. विद्वानांनी तो लेख वाचला तो या रिकाम्या जागांचा हिशेब धरूनच. आंबेगावकरांना तर दूर जायलाही नको. त्यांच्या तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे आणि कचेरी घोडेगावला. तुलना फार ताणू नये, कारण नाणेघाटाची झीज काळाने आणि माणसाने मिळून केली आणि पिकअपची पाटी पुसणारा हेतू धरून पुसतो. तरी रिकामी जागा हाही पुरावा असतो हे दोन्हीकडे सारखेच.

अलीकडच्या गाड्यांत बॅटरी काढण्याचा तोडगा पुष्कळसा निकामी झाला आहे. शिकलेल्या गोष्टी आता विजेविना टिकणाऱ्या चिपमध्ये राहतात. बॅटरी काढली तर फार तर घड्याळ आणि रेडिओ विसरतात. काही पुसायचे, काही नव्याने शिकवायचे, तर कंपनीचे यंत्र आणि कंपनीची परवानगी लागते. कानाचे ज्ञान पेटीत गेले आणि पेटीची किल्ली शहरात गेली. फोनला जोडायचे स्वस्त स्कॅनर खेड्यात पोचले आहेत हे खरे, पण त्यांना वरवरचे वाचता येते आणि सर्वांत सहज जमते ते पुसणे. वाचण्यापेक्षा पुसण्याचे बटण अधिक हाताशी असावे, ही रचना आम्हांला तरी खटकते.

मंचर परिसरातल्या एका गॅरेजात आम्ही एक शंभरपानी वही पाहिली. मिस्त्री पन्नाशीचे, कार्ब्युरेटरवर हात बसलेले. कोड उडवण्याआधी ते तो वहीत उतरवतात. तारीख, गाडी नंबर, मीटरवरचे किलोमीटर, कोड, आणि कोड पडला त्या क्षणी इंजिन किती तापलेले होते, किती फेऱ्यांवर होते तेही. स्कॅनरवरून ते पुसले जाते आणि मग कुणालाच सांगता येत नाही, म्हणून. शेवटच्या रकान्यात काय केले ते. पुष्कळ ठिकाणी 'सेन्सर बदली', 'पाइप लीक, क्लिप टाकली', 'थ्रॉटल साफ' असे आहे. काही ठिकाणी गिऱ्हाइकाची घाई होती. तेथे नुसते 'कोड उडवला'. अशा नोंदींपुढे त्यांनी थोडी जागा मोकळी सोडली आहे. एमएच-१४ च्या एका पिकअपपुढच्या त्या जागेत नऊ दिवसांनंतरची तारीख होती आणि कोड तोच.